ग्रीक शिकलेल्या बायका

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडची हवा दुतोंडी होते. सकाळी सातच्या एसटीतून उतरणारी माणसं स्वेटरच्या बाह्या ओढून घेत असतात आणि दुपारी बाराला तोच रस्ता चपलेतून चटके देतो. शाळूची कणसं भरून वाकलेली असतात, काढणीला माणसं मिळत नाहीत. कॉलेजच्या पटांगणातल्या कडुलिंबाची पानं पिवळी होऊन नुसती ओतत असतात. आमचा शिपाई ती झाडून ढीग करतो, वारा ढीग मोडतो, शिपाई वाऱ्याला शिव्या देतो. आणि नेमक्या याच दिवसांत बारावीची परीक्षा येते. गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत पोरंपोरी, प्रत्येकाच्या हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन निळी पेनं, पट्टी आणि घडी पडू नये म्हणून जपलेलं हॉल तिकीट.

परवा गणिताच्या पेपरच्या सकाळी मी गेटवर उभी होते. एक मुलगी झाडाखाली उकिडवी बसून काडीनं मातीत काहीतरी लिहीत होती. जवळ गेले तर त्रिकोणमितीचं सूत्र. माझी सावली पडल्यावर ती दचकली आणि पायानं ते पुसायला लागली.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "बरोबर आहे का ते बघ आधी."

ती हसली. मी पुढे गेले, पण त्या दिवशी हजेरीपत्रकावर सह्या करताना माझं मन जागेवर नव्हतं. ते काही वर्षं मागं, अशाच एका फेब्रुवारीत जाऊन बसलं होतं. तो सोनालीचा हंगाम होता. मी त्याला तिचंच नाव दिलं आहे.

मी इतिहास शिकवते, पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. दर वर्षी जूनच्या शेवटाला अकरावी कला शाखेच्या प्रवेशाचं टेबल माझ्याकडे असतं. सोनाली पहिल्यांदा दिसली ती त्या टेबलापलीकडे. बरोबर तिची चुलती होती. आईबाप सहा महिने ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की वस्तीवरची निम्मी घरं कुलूप लावून नेवाशाकडे, प्रवरेच्या काठच्या उसात जातात, आणि मागं उरलेली पोरं कुणा ना कुणाच्या चुलीवर जेवतात. सोनाली चुलतीच्या चुलीवर होती.

मी अर्ज भरून घेत होते. "विषय सांग."

"मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल," ती थांबली, "आन् गणित."

शेजारच्या टेबलावरचे सर हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतंच. मीही हसले असेन.

"अगं, आर्ट्सला गणित कोणी घेत नाही. नियमात आहे, पण घेत नाही कोणी. गृहविज्ञान घे, सोपं आहे. पास होशील."

"बरं," ती म्हणाली.

मी गणित खोडलं आणि गृहविज्ञान लिहिलं. माझ्या मते ती माया होती. वस्तीवरची पोरगी, सहा महिने घरात आईबाप नाहीत, क्लास नाही, कशाला तिच्या डोक्याला ताप? असं मी दहा-बारा वर्षं करत आले होते. कितीतरी मुलींच्या अर्जावर माझ्या अक्षरात सोपा विषय लिहिलेला असेल. त्या साऱ्या 'बरं' म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसानं डोळे वटारले होते. गर्भगिरीवर ढग यायचे, बघून जायचे. वर्गात पंखा फिरायचा तो गरम हवाच खाली ढकलायचा. शिकवता शिकवता विषय अमेरिकेतल्या गुलामगिरीवर गेला आणि मी धडा सोडून भलतीकडेच वाहवत गेले. पुण्यात एम.ए. करत असताना मला एका विषयानं झपाटलं होतं: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कॉलेजची पायरी चढलेल्या पहिल्यावहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. ग्रंथालयात बसून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते उतरून काढलं होतं. यावरच संशोधन करायचं म्हटलं तर सगळे म्हणाले, आपल्याकडचा विषय घ्या, हा लांबचा. मग लग्न झालं, मी इकडे आले आणि खाकी कव्हरची ती वही कपाटात राहिली. एक-दोन झेरॉक्स होत्या तिच्यात फोटोंच्या. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा झगा, मान ताठ, नजर कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे.

दुसऱ्या दिवशी मी ती वही वर्गात नेली. तास संपल्यावर सोनाली टेबलापाशी आली. त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, ही आमच्या आत्यासारखी दिसती."

"कोणती आत्या?"

"थोरली. अशीच बघती, कोनी काय म्हनलं की."

वही घरी नेऊ का, असं तिनं विचारलं. मी दिली. चार दिवसांनी, मधल्या सुट्टीत, ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. वही छातीशी धरलेली.

"मॅडम, ह्यात लिव्हलंय ते खरं हाय का?"

"कुठलं गं?"

"ह्या बायकांच्या कॉलेजात दोन कोर्स व्हते ते. एक बायकांचा, सोपा. एक बाप्यांचा, अवघड. त्यात ग्रीक, लॅटिन आन् वरचं गणित."

"हो, खरं आहे."

"सोपा घेतला असता तर त्यांना कोनी नावं ठिवली असती का?"

"छे. उलट सगळे त्यांना सोपाच घ्या म्हणत होते. बायकांना ग्रीक कशाला, आणि त्यातून काळ्या बायकांना कशाला, असंच होतं."

 तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला आजही आठवतं. खरोखरच कळून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं,

"मग तुमी मला सोपा का दिला?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. खोलीत आणखी तिघे-चौघे होते, ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं ते वाक्य उतरून काढलं होतं, खाली लाल शाईची रेघही मारली होती. आणि त्याच हातानं त्या मुलीच्या अर्जावरचं गणित खोडलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. 

त्या बायकांचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्यातल्या काही जणी गुलामीतच जन्मलेल्या होत्या, काहींचे आईबाप गुलाम होते. ज्या राज्यांतून ती माणसं आली, त्यातल्या कित्येक ठिकाणी गुलामाला अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता. ज्यांच्या आईला स्वतःच्या नावाची सही करायची मनाई होती, त्या मुली हजारो वर्षांपूर्वीच्या परक्या भाषेची व्याकरणं पाठ करत बसल्या होत्या. कशासाठी? ग्रीक शिकून पोट भरत नाही, तेव्हाही भरत नव्हतं. पण एवढं यांना झेपणार नाही, असं ज्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं जात होतं, ते तेच होतं. म्हणून त्यांनी तेच उचललं.

आणखी एक गोष्ट त्या वहीत होती. मुलांना शिकता यावं म्हणून आपलं बिऱ्हाड उचलून कॉलेजच्या गावी राहायला आलेली काळी कुटुंबं. तिथं मिळेल ते काम बाप करायचा, आई लोकांचे कपडे धुवायची, आणि मुली शिकायच्या. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, त्यांच्या ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि पोरं बसलेली असतात. ते बघताना मला ती कुटुंबं आठवतात. बिऱ्हाड इथंही उचललं जातं. फक्त शाळेकडे पाठ करून.

सोनालीचा विषय बदलायला मुख्याध्यापकांनी फार खळखळ केली नाही. मुदत अजून होती. प्रश्न होता शेख सरांचा. शेख सर गणिताचे. कडक माणूस, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा पांढरा डाग. त्यांच्या तासाला सायन्सची टगी पोरंसुद्धा मान वर करत नसत.

"एका मुलीसाठी मी वेगळा तास कुठून आणू, मॅडम? सायन्सच्या वर्गात मागं बसू दे तिला. पण मी कुणासाठी थांबणार नाही. आधीच सांगतो."

ती मागं बसली. दोन वर्षं शेवटच्या बाकावर, खिडकीशेजारी, एकटी. सायन्सच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं 'आर्ट्सची गणितवाली'. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. मी तिला बोलावून समजावायला गेले, होतं असं, आता कुठं सुरुवात आहे वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली,

"मी नापास झाले तर एकटी न्हाई व्हत, मॅडम. पुढच्या साली कोनी पोरगी तुमच्या टेबलाला गणित मागाया आली की तुमी म्हनताल, मागं एक आली व्हती बाबा, तिला न्हाई जमलं."

मी तसंच म्हटलं असतं. त्या काळे झगे घालून ताठ बसलेल्या बायकांना वर्गात उत्तर द्यायला उभं राहताना काय वाटत असेल, ते मला एम.ए.च्या ग्रंथालयात नव्हतं कळलं, ते त्या दिवशी कळलं. उत्तर चुकलं तर बाकीच्यांचं नुसतं उत्तर चुकतं. यांचं चुकलं तर अख्ख्या जातकुळीचं डोकं कमी ठरतं.

ती हळूहळू सुधारली. झपकन नाही. शेख सर कुणासाठी थांबत नव्हते हे खरं, पण तास संपल्यावर फळा पुसायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं होतं, आणि फळा पुसण्याआधी ती त्यावरचं सगळं वहीत उतरून घेई. सर तोपर्यंत दारात उभे राहून खडूचे हात झटकत राहायचे. फार वेळ झटकायचे.

मग बारावीचं वर्ष आलं आणि संक्रांत झाल्यावर, परीक्षा महिन्यावर आलेली असताना, शेवटचा बाक रिकामा दिसायला लागला.

मी वस्तीवर गेले. चुलती अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवताच तिनं सांगितलं, "तिच्या आईचा हात मोडलाय, गाडीत मोळ्या भरताना पडली. बाप आला व्हता, घिऊन गेला."

"परीक्षा आहे तिची!"

"मी काय करू, बाई? त्येची पोरगी हाय."

त्या रविवारी मी नेवाशाची एसटी पकडली. निघायच्या आदल्या दिवशी शेख सरांनी माझ्याकडे कागदांचा एक गठ्ठा दिला. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांनी बारीक अक्षरात गणितं लिहिली होती. "इतकी सोडवून पाठवायला सांगा," ते म्हणाले. "येत नसेल तिथं रिकामी जागा सोडू दे. मी बघतो."

पाथर्डीची उघडीबोडकी माळरानं मागं पडली आणि हळूहळू हिरवं सुरू झालं. कालवा, ऊस, पुन्हा ऊस. आमच्याच जिल्ह्यात, दोन तासांच्या अंतरावर, इतकं पाणी असतं याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. तोडकऱ्यांच्या कोप्या एका उघड्या रानात रांगेनं उभ्या होत्या. वाकवलेल्या कामट्यांवर चटया आणि पाचट टाकून केलेल्या, वाकून आत जायचं. हवेत रसाचा आंबूस गोड वास. दुपार झाली होती, माणसं फडातून परतत होती. त्यात सोनाली होती. ड्रेसवर बापाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, गालांवर पात्यांचे बारीक लाल ओरखडे. मला बघून ती आधी हसली आणि मग तिनं हात पाठीमागं लपवले.

तिचे वडील, बबनराव, पुढे आले. उंच, हाडकुळे, नजर खाली ठेवून बोलणारे. मला बसायला बाज टाकली. पाणी दिलं. मी काही म्हणायच्या आतच ते बोलायला लागले.

"मॅडम, मला का हौस हाय? हितं समदं काम जोडीनं असतंय. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. हिचा हात असा. जोडी मोडली की अख्ख्या टोळीचा खोळंबा व्हतो. परीक्षा काय, पुढल्या साली बी येती."

वाटेत मी पुष्कळ जुळवून आणलं होतं. मुलीच्या शिक्षणाचं महत्त्व, तिची बुद्धी, तिचं भविष्य. त्या बाजेवर बसल्यावर त्यातलं काही लागू पडेना. त्यांचं खोटं नव्हतंच काही.

तेवढ्यात कोपीच्या दारात बसलेली बाई बोलली. सोनालीची आई, इंदूबाई. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, ओढणीनं गळ्यात बांधलेला. इतका वेळ ती डाव्या हातानं लसूण सोलायचा प्रयत्न करत होती.

"हात माजा मोडलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तिचा कशाला मोडताय?"

 बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. बबनराव उठले, थोडे लांब जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग परत आले.

"पेपर कंदी सुरू हुत्यात?"

मी तारीख सांगितली.

"त्येच्या आदी दोन दिस सोडतो तिला. हिच्या भावाला बोलावून घेतो तवर. पन तवर तिला हितंच ऱ्हावं लागंल. दुपारच्याला फडातून आली की आब्यास करंल. ह्याच्या फुडं माज्याच्यानं न्हाई व्हनार."

मी सोनालीकडे पाहिलं. तिनं मान हलवली आणि माझ्या पिशवीकडे बोट केलं. "सरांनी काय दिलंय?"

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं आणि हरल्यासारखंही नाही. तीन आठवडे. पहाटेपासून दुपारपर्यंत ऊस आणि दुपारनंतर कॅलक्युलस. कसं जमायचं?

जमलं, कसंबसं. वस्तीवरचा एक जीपवाला दर बुधवारी टोळीसाठी पीठ-मिरची घेऊन तिकडे जायचा. त्याच्याबरोबर शेख सरांचे कागद जायचे आणि सोडवलेले परत यायचे. पहिला गठ्ठा आला तो दूध-पिशवीत गुंडाळलेला. सरांनी स्टाफरूममध्ये उलगडला तर त्यातून ओळीनं मुंग्या निघाल्या आणि टेबलभर पसरल्या. कागदांना उसाच्या चिकाची बोटं लागली होती. भूगोलाचे सर ओरडले, खुर्च्या सरकल्या, पळापळ झाली. शेख सरांनी एकेक कागद झटकला, चष्मा लावला आणि लाल पेन काढलं.

"गोड गणितं आहेत," ते म्हणाले. त्यांनी विनोद केल्याचं मी त्या आधी ऐकलं नव्हतं.

मी शेजारी बसून बघत असे. समासात ते लिहीत, 'तिसरी ओळ पुन्हा बघ.' 'इथं घाई झाली.' एका कागदावर फक्त, 'वा.' थांबणार नाही म्हणणारा माणूस बुधवारची वाट बघायला लागला होता. जीप यायला उशीर झाला की ते गेटपर्यंत चक्कर मारून येत.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा नेवाशाला गेले. या वेळी रानात शिरताच मला बायकांच्या हसण्याचा आवाज आला. एका कोपीच्या सावलीत सहा-सात बायका गोल बसल्या होत्या, मध्ये सोनाली. प्रत्येकीच्या हातात मोबाईल. आधी वाटलं, काही बघतायत. जवळ गेले तर सोनाली एकीच्या फोनवरचं नाव दाखवून विचारत होती, "ह्यो कोन?"

"द... दा... दादा!" ती बाई म्हणाली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोन वाजला की तो कुणाचा आहे हे त्यांना कळत नसे. कळायचं ते उचलल्यावर. म्हणून त्यांनी सोनालीला गळ घातली होती, आमाला तेवढं तरी वाचाया शिकव. अभ्यासातला रोजचा अर्धा तास ती त्यांना देत होती. मुक्ताबाई नावाची एक ठसठशीत बाई मला म्हणाली, "बाई, आता भावाचा फोन म्हनून मी मुकादमाचा उचलत न्हाई. त्याला वाजू द्येती!" पुन्हा सगळ्या हसल्या.

मला एकदम ती वही आठवली. त्या अमेरिकी मुलींपैकी काहींनी स्वतः शिकत असतानाच, नुकत्याच मोकळ्या झालेल्या गुलामांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले होते. दिवसभर राबून आलेली पांढऱ्या केसांची माणसं अंकलिपी घेऊन त्यांच्यासमोर बसत. मी सोनालीला बाजूला घेऊन विचारलं, "वहीतलं आठवलं म्हणून सुरू केलंस का हे?"

"वहीतलं कुठलं?" तिनं विचारलं.

तिला आठवतही नव्हतं. मुक्ताबाईनं शिकव म्हटलं, तिनं शिकवलं. एवढंच. मला वाटतं, त्या तिकडच्या मुलींचंही असंच झालं असणार. आपण त्याला इतिहास म्हणतो.

बबनरावांनी शब्द पाळला. पेपरच्या दोन दिवस आधी ते स्वतः तिला एसटीनं वस्तीवर सोडून गेले. मी त्यांना भेटायला गेले तोवर ते परतीच्या गाडीत बसलेही होते.

गणिताच्या पेपरला मी शेजारच्या वर्गावर पर्यवेक्षक होते. घंटा व्हायला दहा मिनिटं बाकी असताना पलीकडच्या दारातून आवाज आला. बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक पर्यवेक्षक हॉल तिकीट हातात धरून म्हणत होते, "तू आर्ट्सची आहेस. इथं सायन्सचा गणिताचा पेपर आहे. चुकीच्या वर्गात आलीस तू. ऑफिसात जाऊन विचार."

मी तिकडे निघाले. चार पावलं टाकली असतील. तेवढ्यात सोनालीचा आवाज आला, वर्गात कधी निघाला नव्हता इतका मोठा.

"सर, मी आर्ट्सचीच आहे. माझा पेपर गणिताचाच आहे. तिकिटावर खाली विषय लिहिलेत, वाचा."

 त्या सरांनी चष्मा वर करून पुन्हा तिकीट वाचलं. मग म्हणाले, "बरं, बस." आणि जरा वेळानं, "शाबास." मी मागं फिरले. माझी तिथं गरज नव्हती. तिची भाषासुद्धा त्या वेळी पुस्तकातली झाली होती, ते नंतर कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं.

पेपर सुटल्यावर ती नळावर ओंजळीनं पाणी पीत होती. शेख सर आणि मी दोघेही उगीचच त्या बाजूला गेलो.

"दोन प्रश्न न्हाई सुटले," ती म्हणाली.

"कुठले?" सर.

तिनं सांगितलं.  "ते अवघड होते," ते म्हणाले. "बाकीचे?"

"बाकीचे आले."

सरांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. ऊन होतंच तसं.

मे महिन्यात निकाल लागला तेव्हा मी माहेरी होते. फोन शेख सरांचा आला. नमस्कार वगैरे काही नाही. "पास झाली. नुसती पास नाही, मॅडम. माझी सायन्सची निम्मी पोरं मार्कांत तिच्या मागं आहेत." मग त्यांनी तिचे गणिताचे मार्क दोनदा वाचून दाखवले. 

त्यानंतरचं सगळं सरळ गेलं असं नाही. नगरला बी.ए.ला गणित घेतल्यावर पहिल्या वर्षी तिचा एक पेपर राहिला. वसतिगृहात खोली मिळेपर्यंत ती एका लांबच्या नातेवाइकाकडे ओसरीवर राहिली. लग्नाची दोन स्थळं आली. दुसऱ्या वेळी बबनरावांनी स्वतःच पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं, असं इंदूबाई सांगते. मग पुणं, गणितातच एम.ए. आणि इकडे, माझ्या टेबलाला, सोनालीच्या नंतरच्या वर्षी दोन मुली आल्या गणित मागायला. त्यातली एक मध्येच सोडून गेली, एक टिकली. आता दर साली तीन-चार असतात. शेख सरांनी निवृत्त होण्याआधी त्यांच्यासाठी वेगळा तास लावून घेतला. मी अर्जावर आता काही खोडत नाही. मुलगी विषय सांगते, मी लिहिते. कधी एखादी अडखळली, सोपं काय आहे असं विचारलं, तर मी तिला म्हणते, सोपं काय ते मला माहीत नाही, तुला काय आवडतं ते सांग.

माझ्या त्या अर्धवट राहिलेल्या संशोधनाची आता हळहळ वाटत नाही. लांबचा विषय, असं लोक म्हणाले होते. खरं तर मीच तो लांब ठेवला होता.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात सोनालीचा एम.ए.चा पदवीदान समारंभ झाला. तिनं आग्रहानं आईवडिलांना बोलावलं आणि त्यांना घेऊन येण्याचं काम माझ्याकडे दिलं. बबनराव टोळीतून दोन दिवस मागून घेऊन आले होते. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, आणि तळव्यांवर कोयत्यानं पडलेले काळे घट्टे. सभागृह गार होतं, खुर्च्या मऊ होत्या. इंदूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, मागं टेकली तर मोडेल अशा बेतानं. एकेक नाव पुकारलं जात होतं, मुलंमुली व्यासपीठावर चढत होती, टाळ्या पडत होत्या.

सोनालीचं नाव आलं. काळा गाऊन घालून ती पायऱ्या चढायला लागली आणि माझ्या शेजारी बबनराव उभे राहिले.

आधी मला वाटलं, त्यांना नीट दिसत नसेल. पण ते वाकून बघत नव्हते. हात बाजूला सरळ सोडून, ताठ उभे होते. मागच्या रांगेत कुजबूज झाली. गळ्यात पट्टा अडकवलेला एक स्वयंसेवक लगबगीनं आला.

"काका, खाली बसा ना. मागच्यांना दिसत नाही."

बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर व्यासपीठावर होती.

"बसतो की, बाळा," ते म्हणाले. "पोरीला खाली उतरू दे. ती वर हाय तवर मी कसा बसू?"